मुंबईत कुठे खायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याची मावसबहीण, ऑफिसात नवीन लागलेली मुलं, नागपूरचे काका, शेजारच्यांचे पाहुणे. फोनवर येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. भाव दिलेले नाहीत, ते दर दिवाळीला बदलतात. सुट्टीचे वार जिथे पक्के माहीत आहेत तिथेच लिहिलेत. बाकी ठिकाणी निघण्याआधी एक फोन करा.

१. मुंबईतलं सगळ्यात भारी हॉटेल कोणतं? एकच नाव सांग.

एकच नाव नाही सांगता येत. इथली जुनी हॉटेलं एकेका पदार्थावर आणि एकेका वेळेवर चालतात. कॅफे मद्रास सकाळचं, ब्रिटानिया दुपारचं, गिरगावातला बोरकरांचा वडा संध्याकाळचा. त्याच ठिकाणी भलत्या वेळी गेलात, किंवा बरोबर वेळी जाऊन भलतंच मागवलंत, की बाहेर पडताना ‘एवढं काही नव्हतं’ हे ठरलेलं. उडुप्याकडे बसून पनीर टिक्का मागवणाऱ्याला कोण वाचवणार? म्हणून मला हॉटेलचं नाव विचारू नका. काय खायचंय आणि किती वाजता, ते सांगा.

२. पुण्याहून सकाळच्या गाडीने येतोय, रात्री परत. दिवसभरात कुठे कुठे खाऊ?

दादरला उतरा आणि लगेच मध्य रेल्वेची धीमी लोकल पकडून माटुंग्याला जा. नाश्ता तिथे (प्रश्न ६). मग सीएसएमटी गाठा, फोर्टात हिंडा आणि दुपारी चालत बॅलार्ड इस्टेटला ब्रिटानियात जेवा (प्रश्न ८). संध्याकाळी दादरला परत या, मिसळ किंवा साबुदाणा वडा आणि वर पियूष घ्या, तिथूनच गाडी पकडा. तीनपेक्षा जास्त ठिकाणं कोंबू नका. बेरी पुलाव खाल्ल्यावर चार वाजता पावभाजीही उरकायचीच म्हणणारे लोक मी पाहिलेत. रात्री गाडीत त्यांचे हाल असतात. आणि सोमवार टाळा, कारण प्रश्न ६ मध्ये आहे.

३. आस्वाद की प्रकाश?

दादरकरांना हे विचारू नये, घरात भांडणं होतात. दोन्ही शिवसेना भवनाच्या आसपास, एकमेकांपासून चालत काही मिनिटांवर. आस्वादच्या मिसळीला 2015 साली लंडनच्या फूडी हब पुरस्कारांत जगातला सगळ्यात चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरवलं, तेव्हापासून बाहेरगावच्या लोकांची रांग तिकडे जास्त. मिसळ खरंच चांगली आहे, पण माझं मत विचाराल तर तिथलं थालीपीठ तिच्यापेक्षा सरस. वर लोण्याचा गोळा येतो, तो विरघळायच्या आत पहिला तुकडा मोडायचा.

साबुदाणा वडा मात्र प्रकाशचाच. बाहेरून कडक, मोडला की आतून वाफ येते आणि साबुदाणा चिकट गोळा न होता मोकळा दिसतो. चटणी गोडसर. सोबत पियूष मागवा. श्रीखंड आणि ताक घुसळून केलेलं, जायफळ-केशराचं, इतकं दाट की पेला उपडा केला तरी खाली यायला वेळ लागतो. दोघांत एक पुरतं. पियूषसाठीच गिरगावात किंवा दादरला पणशीकरांकडेही जाता येईल.

थोडक्यात, थालीपिठाला आस्वाद, वड्याला प्रकाश. मिसळीचं तुमचं तुम्ही बघा.

४. मुंबईची मिसळ अशी मिळमिळीत का?

दादर-गिरगावची मिसळ मुळात जाळ काढायला केलेली नाही. ती चार वाजताचं खाणं म्हणून आली. थोडी गोडसर, बटाट्याची भाजी किंवा पोहे पोटात घेणारी. गिरगावात ठाकूरद्वारच्या बाजूला विनय हेल्थ होम आहे, तिथली मिसळ खाल्ली की ही तऱ्हा नीट कळते. लालबागला लाडूसम्राटकडे चव थोडी चढी. निघताना लाडू बांधून घ्यायचे, नावच ते आहे.

घाम फुटायलाच हवा असेल तर ठाण्याला मामलेदार कचेरीशेजारच्या मामलेदार मिसळीकडे जा. 1946 पासून चालू आहे, आणि तिखट किती हवं ते आधी विचारतात. पहिल्यांदा जाताय तर मधलं घ्या. ठाणं मुंबईत मोडतं की नाही, हा प्रश्न कृपया मला पाठवू नका.

५. वडापाव नक्की कुठला खायचा?

वडापावची सुरुवात 1966 च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर झाली असं मानतात, म्हणून दादर सोडून कुठे जाऊ नये असा एक पक्ष आहे. छबिलदासच्या गल्लीत श्रीकृष्णचा वडा मिळतो. तो आकाराने मोठा, नुसताच खाणारेही बरेच. प्रभादेवीला कीर्ती कॉलेजच्या गल्लीत अशोक वडापाव. तिथे वड्याबरोबर तळणातला बेसनाचा चुरा पावात घालून मागा, खरी मजा त्या चुऱ्यात आहे. सीएसएमटीसमोर आराम, 1939 पासूनचं, म्हणजे वडापावाहूनही वयाने मोठं. तिथे बसायला मिळतं. गिरगावात बोरकर, फक्त संध्याकाळी, आणि माल संपला की संपला.

यातला पहिला कोण ते ठरवायची गरज नाही. ज्या घाण्यातून आत्ता वडे बाहेर येतायत तो पहिला. परातीत रचून ठेवलेले दिसले तर पाच मिनिटं थांबा.

६. माटुंग्यात इतकी साउथ इंडियन हॉटेलं आहेत. कुठे काय घ्यायचं?

पहिली गोष्ट, सोमवारी जाऊ नका. कॅफे मद्रास आणि रामा नायक, दोघांचीही साप्ताहिक सुट्टी सोमवारी असते.

कॅफे मद्रास 1940 चं, किंग्ज सर्कलला. रविवारी सकाळी दारात माणसं ताटकळत उभी असतात, नाव लिहून घेतलं जातं. इथे मसाला डोसा मागवून जागा वाया घालवू नका, तो कुठेही मिळतो. रसम वडा, पोडी लावलेली इडली, नाचणीचा डोसा, आणि शेवटी फिल्टर कॉफी.

राम आश्रय स्टेशनला लागून. फळ्यावर आजचं काय ते लिहिलेलं असतं, ते वाचून मगच खुर्ची ओढा. अननसाचा शिरा सकाळी गरम असतानाच खावा. वेटर भरभर बोलतात, तुम्हीही भरभर सांगा.

आणि रामा नायक. पूर्ण नाव ‘ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग’, 1942 साली सुरू झालेलं, स्टेशनाजवळच्या मंडईच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर. इथे नाश्ता नाही, जेवण. केळीचं पान मांडलं जातं, त्यावर तुम्हीच पाणी शिंपडून हाताने पुसायचं. मग बादल्या घेतलेली माणसं येऊ लागतात. भाज्या, सांबार, रसम, पापड, भात. भाताचा डोंगर झाला की मधे आळं करायचं, रसम त्यात ओतलं जातं. सुरुवातीलाच चपात्यांवर ताव मारलात तर रसमभातापर्यंत पोचणार नाही, आणि इथे यायचं ते रसमभातासाठी. स्वयंपाकघर कुणालाही बघता येतं. बघाच, पोरांना घेऊन जा आत.

७. इराणी हॉटेलात काय मागवायचं? आम्ही गेलो तर नुसता चहा पिऊन आलो.

चहा तर हवाच, पण कोरडा नको. धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर कयानी आहे, 1904 चं. बन मस्का हा मऊ गोडसर पाव, ब्रुन मस्का कडक कवचाचा. ब्रुन चहात बुडवायचा. न बुडवता खाल्लात तर टाळूची सालं निघतील. भूक असेल तर खिमा पाव किंवा आकुरी, म्हणजे पारशी पद्धतीची मऊसर भुर्जी. घरी न्यायला मावा केक, आणि हो, तो संध्याकाळपर्यंत उरेलच असं नाही.

इराणी लोक रस्त्याच्या कोपऱ्यावरच दुकान का मांडत, याचं कारण असं सांगतात की कोपऱ्याची जागा इतर व्यापारी अशुभ मानत, त्यामुळे ती यांना मिळे. खरंखोटं काही असो, दोन्ही बाजूंनी उजेड येणारी ती जागा आणि संगमरवरी टेबलं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. तिथे बसून मोबाइल बघू नका, एवढीच विनंती.

८. ब्रिटानियाचं एवढं नाव आहे, बेरी पुलाव खरंच तितका चांगला असतो का?

हो, पण बिर्याणीची अपेक्षा घेऊन जाऊ नका. मसाला सौम्य असतो. भातावर छोट्या लाल आंबट बेरी असतात, झरेश्क, त्या इराणहून येतात. त्यांचा आंबटपणा आणि खालचं मटण यांची जोडी जमली की कळतं. हॉटेल 1923 चं. बोमन कोहिनूर त्याचे मालक, 2019 मध्ये गेले, नव्वदी उलटून गेलेली. शेवटपर्यंत ते स्वतः टेबलाशी येऊन ऑर्डर घेत आणि इंग्लंडच्या राणीच्या गोष्टी सांगत. 2016 मध्ये प्रिन्स विल्यम आणि केट मुंबईत आले तेव्हा त्यांनाही भेटले होते. तो गप्पांचा भाग आता नाही, पुलाव आहे. साली बोटी आणि कॅरामल कस्टर्डही घ्या. दुपारी साडेबाराच्या आत पोचलात तर ऑफिसवाल्यांची गर्दी चुकते.

९. मालवणी, गोमंतकी, मंगलोरी. मासे सगळे सारखेच, मग फरक काय आणि कुठे जायचं?

फरक वाटपात आहे. मालवणीत कांदा-खोबरं भाजून वाटतात आणि वर मालवणी मसाला. म्हणून रस्सा तपकिरी आणि खमंग, त्याबरोबर वडे. गोमंतकीत ओलं खोबरं कच्चंच वाटतात, आंबटाला कोकम, बांगड्याला तिरफळ. रस्सा केशरी, पातळ, भातावर ओतायचा. मंगलोरी गस्सीत ब्याडगी मिरची आणि खोबरं, दाट, त्याला नीर डोसा. आगरी-कोळी जेवणात खोबरं बेताचं, लसूण आणि घरचा मसाला सढळ. ते हॉटेलात फारसं भेटत नाही, कोळीवाड्यातल्या महोत्सवात किंवा ओळखीच्या घरी भेटतं. सीकेप्यांचं तसंच. सोड्याची खिचडी आणि वालाचं बिरडं खायचं तर सीकेपी मित्र जोडा.

मालवणीसाठी विलेपार्ले पूर्वेचं गजाली. तिथला बोंबील फ्राय मागवा आणि नीट बघा. बोंबलात पाणी फार असतं, म्हणून काटा काढून तो वजनाखाली दाबून ठेवतात, पाणी गळालं की मग पीठ लावून तळतात. नीट दाबलेला बोंबील हातात धरला तर सरळ राहतो, वाकत नाही. बहुतेक ठिकाणी इथेच कंटाळा करतात आणि पिठाच्या आत लापशी निघते. गोमंतकीसाठी वांद्रे पूर्वेला गांधीनगरचं हायवे गोमांतक, साधं, घरगुती, दुपारी गर्दी. मंगलोरीसाठी फोर्टातलं महेश लंच होम. काळा घोड्याला तृष्णा खेकड्यासाठी प्रसिद्ध. लोणी, मिरं आणि लसणातला खेकडा तिथे खायचा, पण आधी प्रश्न ११ वाचा.

सोलकढी जेवणाआधी संपवू नका. ती शेवटच्या भातासाठी असते.

१०. पावसाळ्यात मासे ताजे मिळतात का?

जून आणि जुलैमध्ये आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ, शिवाय समुद्र खवळलेला. या दिवसांत हॉटेलात आलेली सुरमई-पापलेट बर्फातली किंवा दुसऱ्या किनाऱ्याची. पूर्व किनाऱ्यावरची बंदी एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत असते, त्यामुळे जूनच्या उत्तरार्धात तिकडचा माल येऊ लागतो. वाईट नसतो, पण ‘आजचा आहे’ असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. या दोन महिन्यांत सुकं मागवा. सुके बोंबील, जवळा, सोडे. खाडीतल्या चिंबोऱ्या मिळाल्या तर उत्तमच.

गंमत पुढे आहे. बोटी पुन्हा निघतात ऑगस्टात, आणि नेमका तेव्हा श्रावण असतो. निम्मे मराठी लोक मासे सोडून बसलेले. श्रावण न पाळणाऱ्यांनी मालवणी हॉटेलात जायचं ते याच दिवसांत, टेबल लगेच मिळतं.

११. मेन्यूत पापलेटसमोर आकडा नव्हता, ‘एपीएस’ लिहिलं होतं. बिल बघून डोळे पांढरे झाले. फसवलं का?

फसवलं नाही, पण विचारायला हवं होतं. त्या तीन अक्षरांचा अर्थ आकारानुसार भाव. पापलेट, सुरमईचे मोठे तुकडे, खेकडा, लॉबस्टर यांचा दर वजनावर आणि त्या दिवशीच्या बाजारावर ठरतो. ऑर्डर देतानाच विचारा, ‘केवढा आहे आणि किती होतील?’ चांगल्या ठिकाणी मासा किंवा जिवंत खेकडा टेबलाशी आणून दाखवतात. लाजू नका. घरी कोळणीशी घासाघीस करता, इथे नुसतं विचारायला काय जातं?

१२. उपवासाला हॉटेलातला साबुदाणा वडा चालतो का?

तुमच्या घरात काय चालतं त्यावर आहे. काहींना कोथिंबीर चालत नाही, काहींना जिरं. हॉटेल प्रत्येकाचं पाळू शकत नाही. मुख्य प्रश्न तेलाचा. बटाटेवडे ज्या कढईत तळले त्यातच साबुदाणा वडा पडतो का, ते स्पष्ट विचारा. पणशीकरांची फराळी मिसळ हा सोपा मार्ग. आषाढी आणि महाशिवरात्रीला मात्र अशा सगळ्याच ठिकाणी रांगा असतात, सकाळी दहाच्या आत जा.

१३. गुजराती थाळी कुठे? आमरसाच्या दिवसांत यायचंय.

काळबादेवीला दादीशेठ अग्यारी गल्लीतलं श्री ठाकर भोजनालय, 1945 चं. गल्ली शोधताना चुकाल, कुणालाही विचारा. एप्रिल-मेमध्ये आमरस असतो. पहिल्या दहा मिनिटांत फरसाणावर पोट भरू नका, फुलके आणि शेवटची खिचडी-कढी राहून जाते. थाळी नको, हलकं हवं तर ताडदेवचं स्वाती स्नॅक्स, 1963 चं. तिथली पानकी मागवा. तांदळाच्या पिठाचं पातळ घावन केळीच्या दोन पानांमध्ये भाजलेलं. पान सोलायचं, आत पारदर्शक चकती.

१४. ताडदेवपर्यंत आलोच तर सरदारची पावभाजी?

घ्या. 1966 पासून चालू आहे. भाजीवर लोण्याची लादी येते, तुकडा नव्हे. डॉक्टरांनी काही सांगितलं असेल तर कमी घालायला सांगा. स्वाती आणि सरदार एकाच संध्याकाळी जमणार नाही.

१५. रमजानमध्ये मोहम्मद अली रोडला जायचं तर?

रोजा सुटल्यानंतर, रात्री नवाच्या पुढे. मिनारा मशिदीजवळ सुलेमान उस्मानकडे मालपुवा आणि मातीच्या वाटीतली फिरनी. एक मालपुवा चौघांत, नक्की. एरवी वर्षभर भेंडीबाजारात 1923 चं नूर मोहम्मदी आहे. नल्ली निहारी आणि खमिरी रोटी. तिथे ‘चिकन संजूबाबा’ नावाचाही पदार्थ मिळतो, संजय दत्तने दिलेल्या कृतीचा. गोडाला ताज आइसक्रीम, हाताने फिरवून केलेलं, सीताफळाच्या दिवसांत सीताफळाचं. रमजानच्या शेवटच्या शनिवार-रविवारी लहान मुलांना नेऊ नका, गर्दीत त्यांना फक्त लोकांच्या पाठी दिसतात.

१६. मी एकटीच असते. एकट्या बाईने जाऊन बसलं तर चालतं का?

बिनधास्त. दादर, माटुंगा, गिरगाव, फोर्ट, कुठेही दिवसा एकटीने बसून जेवणाऱ्या बायका दिसतात, मीही त्यांतलीच. फोर्टात तर दुपारी निम्मी टेबलं एकेकट्यांचीच. थाळीच्या ठिकाणी एकटीला थाळी पुरती मिळते. मोठे मासे मात्र एकटीला महागात पडतात, तेव्हा राइस प्लेट मागवा.

१७. वेटरने आमच्या टेबलावर अनोळखी माणसं आणून बसवली आणि खाऊन होताच बिल ठेवलं. हा उद्धटपणा नाही का?

नाही, ही रीत आहे. दादर-माटुंग्याला दारात वीस माणसं उभी असतात. समोर बसलेल्यांशी बोलायची सक्ती नसते, चटणीची वाटी सरकवली की झालं. गप्पा मारायच्या असतील तर दुपारी तीन ते पाच जा. तेव्हा हेच वेटर दुसरी कॉफी हवी का विचारतात.

१८. बाबांच्या कॉलेजच्या दिवसांतली हॉटेलं अजून आहेत का? त्यांना न्यायचंय.

यादी पाठवणाऱ्या बऱ्याच जणांना हे सांगावं लागतं, वाईट वाटतं. खोताच्या वाडीतलं अनंताश्रम बंद झालं. मलबार हिलचं नाझ गेलं. धोबीतलावचं बस्तानी 2004 मध्ये, जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार 2015 मध्ये. बाबा दादरचे असतील तर मामा काण्यांकडे न्या, स्टेशनाबाहेर, 1910 चं. चर्चगेटकडचे असतील तर के. रुस्तमकडे, 1953 चं. दोन पातळ वेफरमध्ये आइसक्रीमची जाड वडी, उभ्याउभ्या खायची. बाबा कडेने चाटत खायला लागतील.

१९. आईचे गुडघे गेलेत, जिना जमत नाही आणि दातही नाहीत. तिला कुठे नेऊ?

मग रामा नायक आणि ठाकर दोन्ही बाद, वर चढावं लागतं. माटुंग्यालाच राम आश्रयला न्या, आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी अकराच्या सुमारास, नाश्त्याची गर्दी ओसरलेली असते. इडली सांबारात बुडवून, नंतर शिरा. स्वातीची पानकीही त्यांना चावावी लागणार नाही. दादरला न्यायचं तर रविवार सोडून दुपारी तीनला, आणि टॅक्सी अगदी दारात थांबवा, चालकाने कुरकुर केली तरी. प्रकाशला गेलात तर वडा तुम्ही खा, त्यांना पियूष द्या.